कोटाबाहेरची झाशी

बदलीचा हुकूम घेऊन झाशीस आलेला मराठी मनुष्य पहिल्या रविवारी किल्ला पाहतो, दुसऱ्या रविवारी राणीमहाल पाहतो, आणि 1842 साली ज्या गणेशमंदिरात राणी लक्ष्मीबाईंचा विवाह झाला तेथे मस्तक टेकवून कृतार्थ होतो. पुढे त्याचे सारे दिवस कचेरी, इलाईट चौराहा आणि स्टेशन यांच्या दरम्यान जातात. प्रस्तुत लेखकाचेही तसेच झाले. परंतु एकदा खंडेराव दरवाजातून माणिक चौकाकडे पायी जात असता मनात आले, की जो चौक एके काळी या नगरीचे हृदय होता, तो आज शहराच्या कडेला कसा पडला? इतिहास चाळू लागल्यावर ध्यानात आले, की झाशीचा मध्य एकदा नव्हे, अनेकदा हलविण्यात आला आहे. आणि प्रत्येक वेळी तो हलविणाऱ्याने जुने दुरुस्त करण्यापेक्षा शेजारी नवे उभारणे पत्करले आहे.

आरंभ आपल्याच माणसांपासून करणे प्रामाणिकपणाचे होईल. ओरछाच्या वीरसिंहदेवाने 1613 साली बंगरा टेकडीवर किल्ला बांधला, तेव्हा पायथ्याशी लहानशी वस्ती होती. तिचे नगर केले ते नारोशंकराने. नाशिकास गोदाकाठी ज्याचे देवालय व ज्याची घंटा प्रसिद्ध आहे, तोच हा नारोशंकर. 1742 साली तो येथे सुभेदार म्हणून आला, किल्ल्यास त्याने नवा भाग जोडला आणि ओरछाहून लोक आणवून पेठा वसविल्या. झाशी भरली, ओरछा ओसरले. आपण या घटनेचे वर्णन 'शहर वसविले' असे अभिमानाने करतो. ओरछाच्या ओस पडलेल्या आळीतून पाहणारा तिला कोणते नाव देत असेल, याचा विचार आपल्या बखरींत सापडावयाचा नाही.

पुढे नेवाळकरांच्या अमदानीत शहराची भरभराट झाली. 1835 साली येथून गेलेल्या स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याने झाशीच्या गालिच्यांची ख्याती आवर्जून नमूद केली आहे. म्हणजे हे केवळ तलवारीचे नव्हे, मागांचेही शहर होते. 3 एप्रिल 1858 रोजी सर ह्यू रोजच्या सैन्याने तटावर हल्ला चढविला. त्यानंतरच्या जाळपोळीचे व लुटीचे वर्णन विष्णुभट गोडसे यांनी 'माझा प्रवास'मध्ये केले आहे. वेढ्याच्या वेळी ते शहरातच होते, आणि हलवाईपुरा जळताना त्यांनी पाहिला.

जळालेले शहर पुन्हा उभारण्याची गरज इंग्रजांस वाटली नाही. 1861 साली त्यांनी किल्ला व शहर शिंद्यांच्या स्वाधीन केले, आणि आपली कचेरी व छावणी कोटाबाहेर ठेवली. त्या वस्तीचे नाव नौआबाद, म्हणजे नवी आबादी. तटाच्या आत ग्वाल्हेरचा अंमल, तटाबाहेर कंपूचा. असे हे एकाच गावाचे दोन संसार 1886 पर्यंत चालले. त्या वर्षी ग्वाल्हेरचा किल्ला परत देऊन इंग्रजांनी झाशी घेतली. परंतु पंचवीस वर्षांत न्याय, हुद्दे व सरकारी पैसा यांनी कोटाबाहेर घर केले होते.

हा निवाडा कायम केला तो आगगाडीने. इंडियन मिडलंड रेल्वेचे मार्ग 1889 च्या सुमारास इटारसी, आग्रा, कानपूर व माणिकपूर यांकडून येऊन येथे मिळाले; 1895 साली स्टेशनाजवळ रेल्वेचा कारखाना उभा राहिला. मालगाडीचे डबे दुरुस्त करणारा तो कारखाना जीआयपी व मध्य रेल्वे पाहून 2003 पासून उत्तर मध्य रेल्वेत मोडतो. रुळांच्या पलीकडे सिप्री बाजार वाढला, अलीकडे चौराहे झाले. 1901 च्या शिरगणतीत पंचावन्न हजारांच्या आसपास असलेली वस्ती 2011 साली पाच लाखांवर गेली. आज झाशीचे नाव गालिच्यांशी कोणी जोडीत नाही.

येथे मुंबईची आठवण होणे स्वाभाविक आहे. झाशीत कारखान्याने नवे शहर ओढून आणले. गिरणगावात कारखाने गेले आणि मागे जमीन राहिली. 18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या एकामागून एक थंडावल्या. सुमारे 600 एकर भूमी शहराच्या ऐन मध्यावर मोकळी होऊ घातली. 1991 च्या नियमावलीने तिचे तीन वाटे सुचविले : एक मोकळ्या जागेसाठी महापालिकेस, एक घरांसाठी म्हाडास, एक मालकास. 2001 च्या दुरुस्तीने ही वाटणी केवळ बांधकामाविना असलेल्या जागेपुरती उरली, आणि 2006 साली सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती ग्राह्य धरली. नियमातील दोन शब्द बदलले, आणि ज्यांच्या घामावर ती भूमी मोलाची झाली त्यांच्या वाट्याची जागा आकसली.

सांप्रत झाशीचा मध्य पुन्हा हलण्याच्या बेतात आहे. 2023 साली उत्तर प्रदेश शासनाने नॉइडाच्या धर्तीवर बुंदेलखंड औद्योगिक विकास प्राधिकरण स्थापिले. 33 गावांची सुमारे 35 हजार एकर भूमी त्याच्या योजनेत आहे. या कोरड्या मुलखास उद्योग हवेत, तरुणांस पोटासाठी दूरदेशी जावे लागू नये, याविषयी दुमत नाही. नवे शहर वसू नये असे माझे म्हणणे मुळीच नाही. म्हणणे इतकेच, की नारोशंकरापासून गिरणगावापर्यंत प्रत्येक वेळी एकच रकाना कोरा राहिला : जागा सोडणाऱ्याचा.

खतौनीत ज्याचे नाव, त्यास मोबदला मिळतो. बटाईने कसणारा आणि मजुरीवर जगणारा तीत नसतो. 2013 च्या भूसंपादन कायद्याने मात्र संपादनापूर्वी तीन वर्षे ज्यांची उपजीविका त्या जमिनीवर चालली, अशा कुळांस व मजुरांसही बाधित कुटुंब मानले आहे. कायद्यात जागा आहे. प्रश्न आहे तो यादीत नाव उतरण्याचा. आणि यादी कोणी सुभेदार किंवा सेनापती लिहीत नाही. ती आपल्यासारखाच एखादा कारकून, उन्हातान्हात गावी जाऊन किंवा न जाता, टेबलाशी बसून लिहितो. तो गावी गेला की नाही, हे पन्नास वर्षांनी त्या नव्या शहराच्या कडेला उमटलेले दिसेल.