मुलांसाठी पोकर: चिंचोक्यांवर शिकायचा पत्त्यांचा खेळ

पोकर हा ५२ पानांच्या साध्या कॅटवर खेळायचा पत्त्यांचा खेळ आहे. प्रत्येकाला पाच पाने मिळतात, ती इतरांना दाखवायची नसतात आणि ‘माझी पाने सर्वांत चांगली आहेत’ या दाव्यावर प्रत्येकजण पैज लावत जातो. बाकीच्या सगळ्यांनी माघार घेतली, तर पाने न दाखवताही डाव जिंकता येतो. बदाम सात, झब्बू, गुलामचोर खेळणाऱ्या मुलांना पाने, रंग आणि क्रम आधीच माहीत असतात. ‘चॅलेंज’ खेळलेल्यांना थाप मारणेही जमते. नवीन असते ती पैज, आणि पालकांचा आक्षेपही तिच्यावरच असतो.

हा आक्षेप रास्त आहे. पण पैज काढून टाकली की पोकर उरतच नाही. हरण्यासारखे काही नसेल तर कोणीच माघार घेत नाही, थापेला अर्थ राहत नाही आणि ज्याला चांगली पाने आली तो जिंकला, एवढाच खेळ होतो. म्हणून पैज हवी. मात्र ती पैशांचीच हवी असे नाही. प्रत्येकाला मोजून २० चिंचोके दिले आणि मध्येच आणखी मिळणार नाहीत असे ठरवले, की मुले एकेक चिंचोका विचार करून टाकतात. चिंचोके नसतील तर बटणे, कवड्या किंवा राजमाही चालतो.

खेळ कुठून आला

पोकरचे आजचे रूप अमेरिकेत तयार झाले. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला न्यू ऑर्लिन्स शहरात आणि मिसिसिपी नदीवरच्या वाफेच्या बोटींवर तो खेळला जाई. तेव्हा कॅटमध्ये फक्त २० पाने असत: एक्का, राजा, राणी, गुलाम आणि दश्शी. पुढे ५२ पानांचा कॅट वापरात आला. १९७० पासून लास व्हेगासमध्ये पोकरची जागतिक स्पर्धा भरते.

गणितज्ञांनाही या खेळाने भुरळ घातली. जॉन फॉन नॉयमन यांनी १९२८ मध्ये खेळांच्या गणिती सिद्धांतावर निबंध लिहिला. ऑस्कर मॉर्गनस्टर्न यांच्यासोबत १९४४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या ग्रंथात पोकरवर स्वतंत्र विभाग आहे. बुद्धिबळात सगळी मोहरी डोळ्यांसमोर असतात. पोकरमध्ये समोरच्याची पाने झाकलेली असतात आणि तरीही निर्णय घ्यावा लागतो. संगणकालाही हे अवघड गेले. डीप ब्लू या संगणकाने १९९७ मध्ये बुद्धिबळाचा जगज्जेता गॅरी कास्पारोव्ह यांना हरवले. पोकरच्या ‘नो-लिमिट होल्डेम’ प्रकारात लिब्रेटस या प्रोग्रामने चार व्यावसायिक खेळाडूंना हरवायला २०१७ साल उजाडले.

हातांची उतरंड

पाच पानांच्या संचाला ‘हात’ म्हणतात. जोकर बाजूला काढून ठेवायचे. एक्का सर्वांत मोठा, दुर्री सर्वांत लहान. पोकरमध्ये इस्पिक, बदाम, चौकट आणि किलवर हे चारही रंग सारख्याच किमतीचे असतात. सर्वांत मोठ्या हातापासून क्रम असा:

१. रॉयल फ्लश: एकाच रंगाचे एक्का, राजा, राणी, गुलाम, दश्शी.
२. स्ट्रेट फ्लश: एकाच रंगाची ओळीने पाच पाने.
३. फोर ऑफ अ काइंड: चार सारखी पाने, उदाहरणार्थ चार अठ्ठ्या.
४. फुल हाउस: तीन सारखी आणि वर एक जोडी.
५. फ्लश: पाचही पाने एकाच रंगाची, ओळीने नसली तरी चालते.
६. स्ट्रेट: ओळीने पाच पाने, रंग कोणतेही.
७. थ्री ऑफ अ काइंड: तीन सारखी पाने.
८. दोन जोड्या.
९. एक जोडी.
१०. यांपैकी काहीच नसेल, तर हातातले सर्वांत मोठे पान.

ओळीत एक्का दोन्ही टोकांना चालतो: एक्का-दोन-तीन-चार-पाच ही सर्वांत लहान ओळ, तर दहा-गुलाम-राणी-राजा-एक्का ही सर्वांत मोठी. राजा-एक्का-दुर्री अशी वळसा घालणारी ओळ धरत नाहीत. दोघांचे हात एकाच प्रकारचे असतील, तर मोठी पाने असणारा जिंकतो.

हा क्रम पाठ करण्यापेक्षा समजून घेणे सोपे आहे. ५२ पानांतून पाच पानांचे एकूण २५,९८,९६० वेगवेगळे हात होतात. जो हात जितका दुर्मीळ, तितका तो मोठा. रॉयल फ्लश फक्त ४ आहेत, त्याखालचे स्ट्रेट फ्लश ३६, चार सारख्या पानांचे हात ६२४, फुल हाउस ३,७४४, फ्लश ५,१०८ आणि स्ट्रेट १०,२००. एका जोडीचे हात मात्र १०,९८,२४० आहेत. जोडीसुद्धा नसलेले हात १३,०२,५४०, म्हणजे निम्म्याहून किंचित जास्त. वाटपात निम्म्या वेळा हाती काहीच लागत नाही, हे मुलांना एकदा समजले की ‘मलाच वाईट पाने येतात’ ही तक्रार कमी होते.

ज्या घरांत दिवाळीत तीनपत्ती खेळली जाते, तिथल्या मुलांना इथे एक गोष्ट खटकेल. तीनपत्तीत सिक्वेन्स कलरपेक्षा मोठा असतो. पोकरमध्ये कलर, म्हणजे फ्लश, ओळीपेक्षा मोठा. कारण पुन्हा मोजणीतच आहे. तीन पानांचे एकूण २२,१०० हात होतात. त्यांत साधे सिक्वेन्स ७२० आणि कलर १,०९६, म्हणजे सिक्वेन्स दुर्मीळ. पाच पाने एकाच रंगाची येणे त्याहून कितीतरी अवघड असते, म्हणून पोकरमध्ये क्रम उलटतो. तीनपत्तीत नियम एका ठिकाणी मोडलेलाही आहे: ट्रेल ५२ प्रकारे होते, तर प्युअर सिक्वेन्स ४८ प्रकारे, तरीही ट्रेलच मोठी धरतात. मोठ्या मुलांना हे आकडे स्वतः काढून पाहता येतील.

डाव कसा खेळायचा

पोकरचे अनेक प्रकार आहेत. मुलांसाठी ‘फाइव्ह कार्ड ड्रॉ’ हा प्रकार सर्वांत सोपा. तीन ते सहा जण खेळू शकतात.

पहिली पायरी: प्रत्येकाने मध्यभागी एक चिंचोका टाकायचा. मधल्या ढिगाला ‘पॉट’ म्हणतात.

दुसरी: पाने पिसून प्रत्येकाला एकेक करत पाच पाने उपडी वाटायची.

तिसरी: वाटणाऱ्याच्या डावीकडच्या खेळाडूपासून चाली सुरू होतात. अजून कोणी काही टाकले नसेल, तर ‘चेक’ म्हणून पुढच्याकडे पाळी देता येते किंवा एक-दोन चिंचोके लावता येतात. कोणी लावले असतील, तर तेवढेच टाकायचे (कॉल), वाढवायचे (रेज) किंवा पाने खाली ठेवून डावातून बाहेर पडायचे (फोल्ड). तीनपत्तीत ज्याला पॅक म्हणतात, तेच हे फोल्ड.

चौथी: डावात उरलेल्यांनी नको असलेली जास्तीत जास्त तीन पाने टाकून तेवढीच नवी घ्यायची.

पाचवी: चालींची आणखी एक फेरी.

सहावी: एकाहून अधिक जण उरले तर सगळ्यांनी पाने उघडायची. मोठा हात असणाऱ्याला पूर्ण पॉट मिळतो. एकच जण उरला असेल तर पॉट त्याचाच, आणि त्याने पाने दाखवायची गरज नाही.

एका वेळी दोनपेक्षा जास्त चिंचोके वाढवायचे नाहीत आणि एका फेरीत तीनदाच वाढवायचे, अशी मर्यादा घातली की लहान मुले एका डावात सगळे गमावत नाहीत.

माघार हीही चाल आहे

नवशिक्या मुलांची एक सवय सगळीकडे दिसते: ती फोल्ड करत नाहीत. ‘आधीच चार टाकले आहेत, आता कसे सोडू?’ असे त्यांना वाटते. पण टाकलेले चिंचोके पॉटचे झाले. ते आता कोणाचेच नाहीत. पुढचे चिंचोके टाकणे परवडते का, एवढाच प्रश्न उरतो.

तो हिशेबाने सोडवता येतो. समजा, एका मुलीकडे चार बदाम आणि एक इस्पिक आहे. इस्पिक टाकून ती एक पान घेणार. तिने न पाहिलेली पाने ४७, त्यांत बदाम ९. म्हणजे फ्लश होण्याची शक्यता साधारण पाचात एक. पॉटमध्ये ४ चिंचोके आहेत आणि डावात राहायला तिला २ टाकावे लागतील. फ्लश झाला तर ती जिंकेल आणि नाही झाला तर हरेल, असे धरू. अशा ४७ डावांत ती सरासरी ३८ वेळा २ चिंचोके गमावेल, म्हणजे ७६. आणि ९ वेळा ४ कमावेल, म्हणजे ३६. सौदा तोट्याचा. तेच पॉटमध्ये १२ असते, तर कमाई १०८ झाली असती आणि डावात राहणे योग्य ठरले असते. पाने तीच, पण उत्तर वेगळे. गुणाकार येणाऱ्या मुलाला हा हिशेब कागदावर सहज जमतो.

थापेचे, म्हणजे ब्लफचे, गणितही असेच आहे. कधीच थाप न मारणाऱ्याने चिंचोके वाढवले की बाकीचे लगेच माघार घेतात, आणि त्याला चांगल्या हातावरही थोडेच मिळते. सतत थापा मारणारा दोन-तीन डावांत पकडला जातो. ही थाप खेळाच्या नियमांतली आहे. पाने लपवणे किंवा दुसऱ्याच्या पानांत डोकावणे ही फसवणूक. हा फरक खेळ सुरू होण्याआधीच सांगावा.

पैशांची रेघ कुठे ओढायची

जुगाराची अनावर सवय हा आजार असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगसूचीत नोंदलेले आहे. कायद्याची भूमिकाही कडक होत गेली आहे. महाराष्ट्रात मूळचा १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा लागू आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ असल्याचे म्हटले. पोकरबाबत मात्र उच्च न्यायालयांची मते वेगवेगळी पडली. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. त्यात खेळ कौशल्याचा की नशिबाचा, हा भेद ठेवलेला नाही.

घरात काही नियम आधीच ठरवता येतात. चिंचोके उसने द्यायचे-घ्यायचे नाहीत. ज्याचे संपले त्याने पुढच्या डावांत पाने वाटायची. खेळ किती वाजता थांबणार हे आधी ठरवायचे, म्हणजे हरलेले परत मिळवायला ‘अजून एकच डाव’ होत नाही. शेवटी चिंचोक्यांच्या बदल्यात चॉकलेट, खाऊचे पैसे किंवा मोबाइलचा वेळ द्यायचा नाही. तसे केले की चिंचोक्याला बाजारभाव येतो. मोबाइलवरचे ‘फुकट’ पोकरही जपूनच पाहावे, कारण आभासी चिप संपल्या की त्या खऱ्या पैशांनी विकत घेण्याचा पर्याय अनेकदा पुढे येतो.

एखाद्या मुलाने ‘मग पैसे लावूनच खेळूया’ म्हटले, तर एक प्रयोग करून दाखवता येतो. पाच जणांकडे मिळून १०० चिंचोके असतात आणि कितीही डाव झाले तरी ते १०० च राहतात. एकाने जिंकलेले दुसऱ्याने हरलेले असतात. पण पैशांचे पोकर चालवणारा सहसा पॉटमधून आपला वाटा काढून घेतो. म्हणून प्रत्येक पॉटमधला एक चिंचोका डब्यात टाकत ४० डाव खेळायचे. शेवटी डब्यात ४० असतात आणि पाच जणांत मिळून ६० उरतात. सगळे तितकेच हुशारीने खेळलेले असतात, पण डब्याने एकही पान हातात न घेता सर्वांत जास्त कमावलेले असण्याची शक्यता मोठी असते.