भास्कराचार्यांची वानरे

अवयव पाडणे म्हणजे दोन आकडे हुडकणे, असे शाळेत शिकवितात. गुणाकार २५० आणि बेरीज ५५ हवी, तर ५० आणि ५ घ्या, झाले काम. ही युक्ती पुरातन असावी असे कोणालाही वाटेल. पण ती रुळली सतराव्या शतकात. वर्गसमीकरणे मात्र बाबिलोनचे लेखनिक इसवी सनापूर्वी दीड हजार वर्षांहून आधी सोडवीत होते.

आमच्या भास्कराचार्यांचेच उदाहरण घेऊ. त्यांच्या बीजगणितात वानरांचा एक कळप आहे. कळपाच्या पंचमांशातून तीन वजा करून राहिलेल्याचा वर्ग केला, तितकी वानरे गुहेत शिरली. एक फांदीवर उरले. एकूण वानरे किती? मांडणी केली की क्ष² − ५५क्ष = −२५० असे समीकरण येते. आचार्य इथे अवयव पाडीत नाहीत. डावी बाजू पूर्ण वर्ग करून ते मूळ काढतात. ही रीत श्रीधराचार्यांची. त्यांचा मूळ ग्रंथ लुप्त झाला, सूत्र भास्कराचार्यांनी उद्धृत केले म्हणून वाचले. उत्तरे दोन: ५० आणि ५.

पन्नासाचा पंचमांश दहा, वजा तीन सात, वर्ग ४९, आणि फांदीवरचे एक. बरोबर. पाचाचा पंचमांश एक, वजा तीन उणे दोन, वर्ग चार, अधिक एक; हेही बरोबर! पण उणे दोन वानरे कोणी पाहिली? लोकांना हे पटत नाही म्हणून आचार्य पाच सोडून देतात. वाटाघाटीच्या टेबलाशी आमची निम्मी हयात गेली. गैरसोयीचा आकडा कागदावर येण्याआधीच कसा खोडला जातो ते आम्ही जाणतो. आचार्यांनी तो आधी लिहिला, मग नाकारला, आणि कारणही दिले. आम्हांला याचेच मोल अधिक वाटते.

या विद्येला पैसा कोठून येई? चाळीसगावजवळ पाटण येथे भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ काढला. त्याच्या १२०७ सालच्या शिलालेखात बाजारातील देणी नोंदली आहेत. त्यांत तेलाच्या घाण्यामागे द्यायचे तेलही आहे. घाण्यापाठी राबणाऱ्याचा वाटा बीजगणितात होता, एवढे ध्यानात ठेवावे.

असो. शून्याचे आणि ऋणसंख्यांचे नियम ब्रह्मगुप्तांनी ६२८ सालीच दिले होते. मग अडले कोठे? अज्ञात एका बाजूस, रूपे दुसऱ्या बाजूस, अशी मांडणीची वहिवाट होती. सारे एकीकडे आणून पलीकडे नुसते शून्य ठेवले, तरच अवयवांना जोर येतो. कारण गुणाकार शून्य असेल तर दोघांपैकी एकाला शून्य व्हावेच लागते. इंग्लंडच्या टॉमस हॅरियटने उलटीकडून सुरुवात केली. (क्ष − ५०) आणि (क्ष − ५) यांसारख्या अवयवांचा गुणाकार करून त्यातूनच त्याने समीकरणे उभी केली. तिथे पन्नास आणि पाच एकाच पंगतीला बसतात. वानरांची चौकशी नंतर.

हॅरियट १६२१ साली वारला. पुस्तक निघाले १६३१ साली, आणि ते सिद्ध करणाऱ्या त्याच्या स्नेह्यांनी उणी उत्तरे गाळून टाकली. ती त्याच्या हस्तलिखित कागदांतच राहिली.