लॅपटॉपमधील ग्राफिक्स चिपची उष्णता आणि मदरबोर्डचा बिघाड : कारणे, लक्षणे व उपाय

लॅपटॉप सुरू होतो, पंखा फिरतो, दिवे लागतात. मात्र पडदा काळाच राहतो. किंवा पडद्यावर उभ्या रेषा आणि रंगीत ठिपके उमटतात. दुरुस्ती केंद्रात नेल्यावर 'मदरबोर्ड गेला' असे उत्तर मिळते. अशा अनेक प्रकरणांमध्ये संपूर्ण मदरबोर्ड नव्हे, तर त्यावरील ग्राफिक्स चिप किंवा तिचे जोड निकामी झालेले असतात. त्यामागील प्रमुख कारण उष्णता हे होय. हा बिघाड कसा होतो, तो कसा ओळखावा आणि दुरुस्तीवर खर्च करण्यापूर्वी कोणती काळजी घ्यावी, याची माहिती येथे दिली आहे.

जॉर्ज टाउनसारख्या ठिकाणी धोका अधिक का?

चेन्नईतील जॉर्ज टाउन हा जुन्या मद्रासचा व्यापारी गाभा आहे. फोर्ट सेंट जॉर्जच्या उत्तरेस, बंदराला लागून असलेल्या या भागात पॅरीज कॉर्नर, गोडाउन स्ट्रीट, सावकारपेठ अशा दाट बाजारपेठा आहेत. सांगली जिल्ह्यातील खानापूर, आटपाडी परिसरातून देशभरातील सराफ बाजारांत गेलेल्या गलाई व्यावसायिकांमुळे मराठी माणसालाही चेन्नईचा सराफ बाजार परका नाही.

लॅपटॉपच्या दृष्टीने मात्र हा परिसर कठीण आहे. चेन्नईत मे महिन्यात कमाल तापमान ३७ अंश सेल्सिअसच्या आसपास राहते. ३१ मे २००३ रोजी ते ४५ अंशांवर गेले होते. समुद्र जवळ असल्याने हवा दमट व खारट असते. अरुंद गल्ल्या, वर्दळ आणि मालाची सततची चढउतार यांमुळे धूळ भरपूर असते. लहान गाळ्यात हवा खेळत नाही.

लॅपटॉपचा पंखा चिपची उष्णता खोलीतील हवेकडे सोपवतो. तो चिपला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. काम आणि पंख्याचा वेग तेवढाच असेल, तर खोलीचे तापमान दहा अंशांनी वाढताच चिपचे तापमानही साधारण तेवढेच वाढते. मुंबईतील दुकान असो की विदर्भातील उन्हाळा, हा नियम सर्वत्र लागू पडतो.

बिघाड नेमका कोठे होतो?

ग्राफिक्स चिपची रचना दुमजली असते. सर्वांत वर सिलिकॉनचा लहान तुकडा असतो. तो सुमारे एक दशांश मिलिमीटर आकाराच्या शेकडो सूक्ष्म डाखबिंदूंनी खालच्या आधारपट्टीला जोडलेला असतो. ही आधारपट्टी त्याहून मोठ्या, साधारण अर्ध्या मिलिमीटरच्या डाखगोळ्यांनी मदरबोर्डला जोडलेली असते. सूक्ष्म बिंदूंभोवतीच्या पोकळीत आधारासाठी राळेसारखा पदार्थ भरलेला असतो.

तापल्यावर हे सर्व भाग सारखे प्रसरण पावत नाहीत. आधारपट्टीचे प्रसरण सिलिकॉनच्या सुमारे पाचपट असते. लॅपटॉप सुरू केला की चिप तापते, बंद केला की निवते. प्रत्येक वेळी मधल्या जोडांवर ताण येतो. तार वारंवार वाकवल्यास जशी अखेरीस तुटते, तशीच या जोडांना सूक्ष्म तडे जातात. म्हणजेच केवळ उच्च तापमान नव्हे, तर तापमानातील वारंवार होणारे मोठे चढउतार हे या बिघाडाचे मूळ आहे.

२००८ चे प्रकरण

या बिघाडाचे सर्वाधिक गाजलेले उदाहरण एन्व्हिडिया या अमेरिकी कंपनीचे आहे. २ जुलै २००८ रोजी कंपनीने जाहीर केले की, लॅपटॉपसाठी पुरवलेल्या तिच्या काही ग्राफिक्स चिपमध्ये वापरलेले साहित्य कमकुवत असल्याने त्या अपेक्षेपेक्षा अधिक प्रमाणात निकामी होत आहेत. दुरुस्ती आणि बदलीच्या खर्चासाठी कंपनीने त्या वेळी १५ ते २० कोटी डॉलरची तरतूद केली.

एचपी, डेल आणि ॲपल या कंपन्यांच्या अनेक मॉडेल्सना याचा फटका बसला. एचपी आणि डेलने बाधित मॉडेल्सची हमी वाढवली. ॲपलने ऑक्टोबर २००८ मध्ये आपल्या काही मॅकबुक प्रो संगणकांतही हा दोष असल्याचे मान्य करून त्यांची विनामूल्य दुरुस्ती सुरू केली. अमेरिकेतील ग्राहकांनी दाखल केलेल्या सामूहिक दाव्यात डिसेंबर २०१० मध्ये न्यायालयाने तडजोडीला मंजुरी दिली.

या प्रकरणातील एक बाब आजही मार्गदर्शक आहे. डेल व एचपीने त्या काळात मूळ प्रणालीची, म्हणजे बायोसची, सुधारित आवृत्ती दिली. तिच्यामुळे पंखा लवकर सुरू होऊन अधिक काळ फिरत असे. चिपच्या तापमानातील चढउतार कमी करणे हा त्यामागील हेतू होता. या उपायाने बिघाड पुढे ढकलला जाऊ शकत होता. आधीच तडा गेलेला जोड मात्र त्याने सांधला जात नव्हता.

अशी उदाहरणे इतरही आहेत. मायक्रोसॉफ्टने जुलै २००७ मध्ये एक्सबॉक्स ३६० या खेळयंत्राची हमी तीन वर्षांपर्यंत वाढवली आणि त्यासाठी एक अब्ज डॉलरहून अधिक रकमेची तरतूद केली. २०११ ते २०१३ या काळात विकल्या गेलेल्या काही मॅकबुक प्रो संगणकांतील ग्राफिक्स दोषासाठी ॲपलने फेब्रुवारी २०१५ मध्ये पुन्हा विनामूल्य दुरुस्तीची योजना जाहीर केली. दोष निर्मात्याचा असल्यास ग्राहकाने खर्च सोसण्याचे कारण नाही. त्यामुळे जुन्या मॉडेलच्या दुरुस्तीपूर्वीही अशी योजना आहे काय, याची चौकशी करणे हिताचे ठरते.

पूर्वलक्षणे

चिप एकाएकी निकामी झाल्यासारखी वाटली, तरी बहुधा काही दिवस आधी खुणा दिसतात :

– पंखा सतत मोठ्या आवाजात फिरणे, पण बाहेर येणारा झोत क्षीण असणे.
– चित्रफीत किंवा खेळ सुरू असताना लॅपटॉप अचानक मंदावणे अथवा आपोआप बंद होणे.
– पडद्यावर रेषा, चौकटी किंवा विचित्र रंग उमटणे.
– थंड असताना सुरू न होणारा लॅपटॉप अनेक प्रयत्नांनंतर सुरू होणे.

यांपैकी कोणतीही खूण दिसताच पहिले काम म्हणजे माहितीची प्रत काढणे. पडदा पूर्ण बंद पडल्यावर हेच काम खर्चिक होते.

घरच्या घरी करावयाची तपासणी

'मदरबोर्ड गेला' हे निदान मान्य करण्यापूर्वी पुढील चाचण्या क्रमाने कराव्यात.

१. अडॅप्टर काढावा. बॅटरी बाहेरून काढता येत असल्यास तीही काढावी. सुरू करण्याची कळ ३० सेकंद दाबून धरावी. नंतर केवळ अडॅप्टर जोडून लॅपटॉप सुरू करून पाहावा.

२. बाहेरचा मॉनिटर किंवा दूरचित्रवाणी संच जोडावा. त्यावर चित्र स्वच्छ दिसल्यास दोष लॅपटॉपच्या पडद्यात किंवा त्याच्या वायरीत असण्याची शक्यता अधिक असते. तेथेही त्याच रेषा दिसल्यास संशय ग्राफिक्स चिपवर जातो.

३. रेषा केव्हा दिसतात ते पाहावे. कंपनीचे बोधचिन्ह दिसतानाच, म्हणजे विंडोज सुरू होण्यापूर्वी त्या आल्या, तर दोष यंत्रात आहे. विंडोज सुरू झाल्यावरच येत असतील, तर प्रथम ग्राफिक्स ड्रायव्हर नव्याने बसवावा.

४. रॅम काढता येण्याजोगी असल्यास ती काढून, स्वच्छ करून पुन्हा बसवावी. सैल किंवा सदोष रॅममुळेही पडदा काळा राहतो.

५. लॅपटॉप सुरू होत असल्यास तापमान दाखवणारी एखादी विनामूल्य प्रणाली वापरून नोंद घ्यावी. साध्या कामातही चिप ८५ ते ९० अंशांवर राहत असेल, तर शीतकरण व्यवस्थेत दोष आहे असे समजावे. बहुतेक आधुनिक प्रोसेसर १०० अंशांच्या आसपास स्वतःचा वेग कमी करतात.

ज्या लॅपटॉपमध्ये प्रोसेसरमधील आणि स्वतंत्र अशा दोन ग्राफिक्स व्यवस्था असतात, त्यात स्वतंत्र चिप बंद करून साध्या कामापुरता संगणक चालू ठेवता येतो. अर्थात सर्वच मॉडेल्समध्ये ही सोय नसते.

दुरुस्तीचे चार प्रकार

दुरुस्तीच्या बाजारात, मग तो जॉर्ज टाउनपासून काही किलोमीटरवरील रिची स्ट्रीट असो, मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो किंवा पुण्याची तपकीर गल्ली, साधारणपणे चार पर्याय सांगितले जातात. त्यांतील फरक ग्राहकाला ठाऊक असणे आवश्यक आहे.

पहिला प्रकार म्हणजे चिप गरम हवेने तापवून जोड पूर्ववत करणे. याला कारागीर 'रिफ्लो' किंवा नुसते 'हीट मारणे' म्हणतात. हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत अल्पजीवी उपाय होय. सोने १०६४ अंशांवर, तर चांदी ९६१ अंशांवर वितळते, हे गलाईच्या व्यवसायातील प्रत्येकाला ठाऊक असते. नुसते तापवणे म्हणजे वितळवणे नव्हे, हेही तो जाणतो. येथेही तोच न्याय लागू होतो. मदरबोर्डवरील शिसेविरहित डाख सुमारे २१७ अंशांना वितळू लागतो. मात्र चिपच्या आतील उच्च शिसेयुक्त सूक्ष्म बिंदूंना वितळण्यासाठी ३०० अंशांहून अधिक तापमान लागते. तेवढी उष्णता दिल्यास चिपच नष्ट होईल. त्यामुळे आतील तडा सांधला जात नाही. प्रसरणामुळे तुटलेली टोके काही काळ एकमेकांना टेकतात इतकेच. काही दिवसांत किंवा आठवड्यांत दोष परत येण्याची दाट शक्यता असते.

दुसरा प्रकार 'रिबॉलिंग'चा. यात चिप काढून तिच्याखालील डाखगोळे नव्याने बसवतात. तडा या गोळ्यांमध्ये असल्यास हा उपाय टिकतो. तडा चिपच्या आत असल्यास येथेही निराशाच पदरी येते.

तिसरा प्रकार म्हणजे नवी चिप बसवणे. चिप खरोखर नवी आणि सुधारित असेल, तर हा उपाय टिकाऊ ठरतो. अनेक चिपवर निर्मितीचे वर्ष व आठवडा दर्शवणारा अंक छापलेला असतो, तो पाहावा.

चौथा प्रकार म्हणजे संपूर्ण मदरबोर्ड बदलणे. जुन्या लॅपटॉपमधून काढलेला बोर्ड स्वस्त पडतो, परंतु त्यावर त्याच सदोष मालिकेतील चिप असण्याचा धोका राहतो.

मदरबोर्ड घरातील ओव्हनमध्ये तापवण्याचा जो उपाय ऐकिवात येतो, तो कटाक्षाने टाळावा. त्यातून विषारी धूर निघतो आणि अन्न शिजवण्याचे भांडे दूषित होते.

दुरुस्तीस देताना खर्चाचा लेखी अंदाज घ्यावा. वरील चारपैकी कोणते काम होणार आहे, ते पावतीवर लिहून घ्यावे. त्यावर किती महिन्यांची हमी आहे, हेही नमूद करून घ्यावे. बदललेला जुना भाग परत मागावा. हार्ड डिस्क किंवा एसएसडी काढता येत असल्यास ती स्वतःकडे ठेवावी. माहिती बिटलॉकरने कुलूपबंद असेल, तर तिची पुनर्प्राप्ती कळ आधीच लिहून ठेवावी. मदरबोर्ड बदलल्यावर तीच मागितली जाते.

प्रतिबंधक काळजी

– लॅपटॉप गादी, उशी किंवा कापडाच्या गठ्ठ्यावर ठेवू नये. खालची जाळी मोकळी राहील असा कठीण पृष्ठभाग निवडावा.
– पंखा आणि उष्णता बाहेर टाकणाऱ्या पत्र्यांच्या मधोमध धुळीचा नमद्यासारखा थर साचतो. तो बाहेरून दिसत नाही. धुळीच्या ठिकाणी वर्षातून किमान एकदा आतून सफाई करून घ्यावी. हवेचा झोत मारताना पंखा बोटाने किंवा काडीने स्थिर धरावा.
– चिप व धातूच्या पट्टीमधील उष्णतावाहक लेप काही वर्षांनी वाळतो. तो बदलताना, जेथे मुळात जाड पॅड असेल तेथे नुसता लेप लावू नये. मधली फट भरली जात नाही आणि चिप अधिकच तापते.
– जड काम संपताच लॅपटॉप मिटून पिशवीत घालू नये. पंखा शांत होईपर्यंत थांबावे.
– किनारी भागात लॅपटॉप महिनोन्‌महिने बंद ठेवू नये. दमट खारट हवेने जोडांवर गंज चढतो.

ग्राहकाचे हक्क

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू झाला. या कायद्यानुसार ग्राहकाला आपण राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्यातील आयोगाकडे तक्रार करता येते. मुंबईत घेतलेल्या लॅपटॉपची तक्रार चेन्नईत राहणारा ग्राहक चेन्नईतच दाखल करू शकतो. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. व्यापारी हेतूने घेतलेली वस्तू या कायद्याच्या कक्षेत येत नाही. मात्र केवळ स्वयंरोजगारातून उपजीविका करण्यासाठी ती घेतली असल्यास संरक्षण मिळते. दुकानदारांनी हा फरक लक्षात ठेवावा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये 'दुरुस्तीचा हक्क' या विषयावरील संकेतस्थळही सुरू केले.

दुरुस्ती अशक्य झालेला मदरबोर्ड उघड्यावर जाळणाऱ्या भंगारवाल्याकडे जाऊ देऊ नये. त्यात शिसे आणि इतर घातक द्रव्ये असतात. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार त्याचे पुनर्चक्रीकरण नोंदणीकृत केंद्रातच होणे अपेक्षित आहे.

थोडक्यात, तापवून तात्पुरती चालू केलेली चिप म्हणजे दुरुस्त झालेली चिप नव्हे. तेवढ्या अवधीचा उपयोग माहिती सुरक्षित स्थळी हलवण्यासाठी करावा. मोठ्या खर्चाचा निर्णय त्यानंतरच घ्यावा.