नागासाकी

नागासाकी : जपानच्या क्यूशू बेटावरील बंदर व नागासाकी प्रशासकीय विभागाचे मुख्य ठिकाण. लोकसंख्या सुमारे ४ लाख (२०२०). क्यूशूच्या पश्चिमेकडे, डोंगरांनी वेढलेल्या लांब व चिंचोळ्या खाडीच्या शिरोभागी हे शहर वसले आहे. सपाट जमीन अपुरी असल्याने घरे उतारांवर टप्प्याटप्प्याने चढत गेली आहेत. ९ ऑगस्ट १९४५ च्या अणुबाँबमुळे हे नाव जगाला ठाऊक झाले. जपानच्या इतिहासात मात्र त्याचे स्थान त्याआधीच्या पावणेचारशे वर्षांत पक्के झाले होते. १६४१ पासून १८५० च्या दशकापर्यंत डच व चिनी जहाजांना जपानमध्ये व्यापारासाठी हे एकच बंदर मोकळे होते. या कालखंडाला देश ‘बंदिस्त’ असल्याचा काळ म्हणण्याचा प्रघात आहे. नागासाकीचा पुरावा पाहता हे वर्णन अपुरे पडते. दार उघडेच होते. त्याची किल्ली कोणाच्या हाती असावी, यावर झगडा झाला. तो शोगुनशाहीच्या, म्हणजे लष्करी शासकांच्या राजवटीच्या, बाजूने सुटल्यावर व्यापार, धर्म आणि सामान्य माणसाचे घर या तिन्हींचा हिशेब एकाच सत्तेकडे गेला.

बंदराचा जन्मच या झगड्यातला आहे. सोळाव्या शतकात जपान सरंजामदारांच्या, म्हणजे दाइम्योंच्या, आपसांतील युद्धांनी विदीर्ण झाला होता. चीनच्या मिंग सत्तेने जपानशी थेट व्यापार बंद ठेवला होता. त्यामुळे चिनी कच्चे रेशीम आणून जपानी चांदी नेणाऱ्या पोर्तुगीज मध्यस्थांना मोठा वाव मिळाला. गोव्याहून निघणारे त्यांचे जहाज मलाक्का व मकाववरून क्यूशूला येई. १५६३ मध्ये बाप्तिस्मा घेतलेला दाइम्यो ओमुरा सुमितादा याने नागासाकीची खोल खाडी या जहाजाला देऊ केली आणि १५७१ च्या सुमारास तेथे गाव उभे राहिले. १५८० मध्ये त्याने ते जेझुइट पंथाच्या स्वाधीन केले. शेजारच्या शत्रूंपासून बंदर वाचवणे आणि जहाजाचे येणे पक्के करणे, हे त्यामागचे उघड हिशेब होते. व्यापार आणि धर्म एकाच गलबतातून आले, तेव्हा दोघांचे भवितव्यही एकत्र बांधले गेले. याच नागासाकीहून १५८२ मध्ये चार जपानी किशोर युरोपला गेले. परतीच्या वाटेवर ते गोव्यात थांबले असताना त्यांच्यापैकी हारा मार्तिनो याचे लॅटिन भाषण १५८८ मध्ये तेथे छापले गेले. ते १५९० मध्ये मायदेशी पोहोचले तेव्हा सोबत छापखाना होता, पण परिस्थिती पालटली होती.

जपान एका सत्तेखाली आणू पाहणाऱ्या तोयोतोमी हिदेयोशीने क्यूशू जिंकल्यावर १५८७ मध्ये पाद्र्यांना हद्दपारीचा हुकूम काढला आणि लगोलग नागासाकी आपल्या थेट अमलाखाली घेतले. व्यापारी मात्र येत राहावेत, असे त्याच हुकुमात स्पष्ट होते. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी निशिझाका टेकडीवर २६ ख्रिस्ती लोकांना क्रुसावर चढवण्यात आले. त्यांत २० जपानी आणि ६ परदेशी फ्रान्सिस्कन होते. या सहांपैकी गोन्सालो गार्सिया यांचा जन्म वसईचा, वडील पोर्तुगीज आणि आई स्थानिक. ते तरुणपणी जेझुइटांबरोबर जपानला गेले, पुढे व्यापारात पडले आणि मनिलात फ्रान्सिस्कन होऊन १५९३ मध्ये दुभाषे म्हणून परतले. १८६२ मध्ये त्यांना संतपद मिळाले. वसईतील महाविद्यालयाला त्यांचे नाव आहे. हा छळ केवळ परधर्माच्या द्वेषातून झाला, असे म्हटले जाते. तसे असते तर बौद्ध पंथ त्यातून सुटायला हवे होते. हिदेयोशीचा पूर्वसूरी ओदा नोबुनागा याने इक्को या बौद्ध पंथाच्या सशस्त्र अनुयायांशी दीर्घ युद्ध केले आणि पुढच्या तोकुगावा शोगुनशाहीने शासनाचे दानही नाकारणाऱ्या फुजु-फुसे या निचिरेन शाखेवर बंदी घातली. ज्या निष्ठेचे टोक राज्यकर्त्याच्या वर कुठेतरी जाते, ती निष्ठा तोडणे हे या धोरणाचे सूत्र होते. १६१४ ची देशव्यापी ख्रिस्तधर्मबंदी आणि १६३७–३८ च्या शिमाबारा उठावाचे निर्दालन त्याच सूत्रात बसतात. उठावाचे मूळ जबर करांत आणि दुष्काळात होते, तरी शासनाने तो ख्रिस्ती बंड म्हणूनच वाचला. त्यानंतर १६३९ मध्ये पोर्तुगीज जहाजांना मज्जाव झाला. पुढच्या वर्षी मकावहून विनंती घेऊन आलेल्या मंडळींपैकी ६१ जणांना नागासाकीत देहान्त शिक्षा देण्यात आली.

पोर्तुगीजांसाठी खाडीत भर घालून १६३६ मध्ये पूर्ण केलेले देजिमा हे पंख्याच्या आकाराचे कृत्रिम बेट त्यामुळे रिकामे पडले; १६४१ मध्ये हिरादोची डच वखार तेथे हलवण्यात आली. बेट जेमतेम १.५ हेक्टरचे. ते बांधण्याचा खर्च २५ नागासाकीकर व्यापाऱ्यांनी केला होता आणि भाडे डच भरत. शहराशी जोडणारा पूल एकच. त्याच्या तोंडाशी फलक होता : गणिकांखेरीज स्त्रियांना, कोयासानच्या भिक्षूंखेरीज धर्मपुरुषांना आणि भिकाऱ्यांना प्रवेश नाही. वखारप्रमुखाला ठरावीक काळाने शोगुनच्या राजधानीत, एदोला, जाऊन त्याच्यापुढे हजेरी लावावी लागे. जहाज आले की जगातील घडामोडींचा वृत्तान्त द्यावा लागे. दुभाषे तो जपानीत उतरवून एदोला धाडत. चिनी व्यापारी संख्येने कितीतरी अधिक होते. १६८९ पासून त्यांनाही कुंपणाच्या वस्तीत राहणे भाग पडले. सोफुकु-जीसारखी चिनी मंदिरे आणि १६३४ चा दगडी मेगाने पूल या संबंधांच्या खुणा आहेत.

‘साकोकू’ म्हणजे देशाला कडी घालणे, हा शब्द या व्यवस्थेच्या कर्त्यांना माहीतच नव्हता. देजिमात १६९०–९२ मध्ये राहिलेल्या एंगेलबर्ट केम्फर या जर्मन वैद्याच्या निबंधाचे भाषांतर करताना शिझुकी तादाओ या माजी दुभाष्याने तो १८०१ मध्ये घडवला. बंदिस्त म्हणवल्या जाणाऱ्या देशाचे हे नाव त्याच्या उघड्या दारातूनच आले. यावर आक्षेप असा, की ही शब्दांची कसरत आहे. १६३५ नंतर परदेशी जाणाऱ्या किंवा तेथून परतणाऱ्या जपानी माणसाला मृत्युदंड होता, मग बंदी आणखी कोणती हवी? आक्षेप खरा आहे आणि प्रजेच्या बाजूने पाहता ही भिंतच होती. पण शासनाची दृष्टी निराळी होती. त्सुशिमामार्गे कोरियाशी, सात्सुमामार्गे र्‍यूक्यू बेटांशी आणि मात्सुमाएमार्गे आइनू लोकांशी व्यवहार चालूच राहिले. १७२० मध्ये ख्रिस्ती धर्माशी संबंध नसलेल्या विदेशी ग्रंथांवरील निर्बंध सैल झाले आणि १७७४ मध्ये डच भाषेतील शरीरशास्त्रग्रंथाचे भाषांतर प्रसिद्ध झाले. प्रजेला कडी आणि शासनाला खिडकी, अशी ही विभागणी होती.

दुसरा आक्षेप असा, की टोकावरच्या एका बंदरावरून साऱ्या जपानचा निष्कर्ष काढू नये. नागासाकीची आयात-निर्यात पाहिली की तो ढिला पडतो. रेशमापोटी चांदी वाहून जाऊ लागली, तेव्हा शासनाने ती आवळून तांबे पुढे केले. निरनिराळ्या खाणींतले हे तांबे ओसाकात शुद्ध होऊन कांड्यांच्या रूपात येथे येई आणि डच ते भारताच्या बाजारांतही विकत. तांबेही कमी पडू लागल्यावर १७१५ च्या नियमांनी वर्षाला ३० चिनी आणि २ डच जहाजे अशी मर्यादा घातली. चिनी व्यापाऱ्यांना देण्यासाठी वाळवलेली सागरकाकडी, अबलोनी शिंपले आणि शार्कचे पंख उत्तरेपर्यंतच्या किनाऱ्यांवरून गोळा होऊ लागले. उत्तरेकडचा कोळी आपली जाळी नकळत या बंदरासाठी टाकत होता. १६९८ मध्ये स्थापन झालेल्या नागासाकी काइशो या व्यापारकचेरीतून नफ्याचा काही भाग शहरवासीयांना वाटला जाई. भाडेकरूंच्या वाट्याला येणाऱ्या रकमेला ‘कामादो-गिन’, म्हणजे चुलीची चांदी, म्हणत.

त्याच चुलीपर्यंत धर्माची तपासणीही पोहोचत होती. प्रत्येक कुटुंबाला एखाद्या बौद्ध मंदिरात नाव नोंदवावे लागे. नागासाकीत भर म्हणून दर नववर्षी ‘फुमिए’ होई. येशू किंवा मारियेची प्रतिमा जमिनीवर ठेवून घरटी सर्वांनी तिच्यावर पाऊल टाकायचे. तान्ह्या मुलांचे पायही तिला लावले जात. १६६९ मध्ये यासाठी पितळेच्या २० प्रतिमा ओतवून घेण्यात आल्या. तरीही नागासाकीलगतच्या उराकामीच्या शेतकऱ्यांनी आणि बेटांवरच्या कोळ्यांनी पाद्र्यांविना सुमारे अडीचशे वर्षे धर्म टिकवला. बाळ कुशीत घेतलेली चिनी मातीची कान्नोन देवी त्यांची मारिया झाली. सणांची दिनदर्शिका राखणे आणि बाप्तिस्मा देणे ही कामे गावातल्याच माणसांकडे होती. १७ मार्च १८६५ रोजी नव्या ओउरा चर्चमध्ये त्यांच्यापैकी काहींनी फ्रेंच पाद्री पेतिजाँ यांना आपली ओळख सांगितली. बंदी कायम असल्याने उराकामीच्या सुमारे ३,४०० लोकांना हद्दपार करण्यात आले. शोगुनशाहीच्या जागी आलेल्या मेइजी शासनाने पाश्चात्त्य दडपणाखाली १८७३ मध्ये बंदीचे फलक काढले, तेव्हाच ते परतू शकले. वरून बसवलेल्या नियंत्रणाची मर्यादा येथे दिसते : पाऊल कोठे पडले ते नोंदता येत होते, मन कोठे होते ते नाही.

१८५५ च्या नौदल प्रशिक्षण केंद्रापासून आणि त्यानंतरच्या लोखंड कारखान्यापासून नागासाकी जहाजबांधणीकडे वळले. १८८० च्या दशकात ती गोदी मित्सुबिशीकडे गेली आणि पुढे मुसाशी ही प्रचंड युद्धनौका येथे बांधली गेली. शस्त्रनिर्मितीच्या याच नगरावर, मूळ लक्ष्य असलेले कोकुरा शहर ढगांच्या व धुराच्या पडद्याआड गेल्याने, ९ ऑगस्ट १९४५ रोजी सकाळी ११ वाजून २ मिनिटांनी प्लुटोनियम बाँब पडला. त्याचा केंद्रबिंदू गोदीवर नसून उराकामीवर होता. परतलेल्या हद्दपारांच्या समाजाने उभारलेले कॅथीड्रल तेथून सुमारे ५०० मीटरवर होते. त्या वर्षअखेरपर्यंतच्या मृतांची संख्या सुमारे ७४,००० मानली जाते.

गुप्त ख्रिस्ती परंपरेच्या स्थळांना २०१८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशात स्थान मिळाले. ऑक्टोबरमधील सुवा देवस्थानाच्या कुन्ची उत्सवात आजही चिनी आणि डच सोंगे नाचतात. देजिमाभोवतीचा समुद्र मेइजी काळापासून भरत गेल्याने ते बेट आता शहराच्या पोटात आहे. त्याच्या इमारती टप्प्याटप्प्याने पुन्हा उभारल्या जात असून शहराशी जोडणारा पूल २०१७ मध्ये नव्याने बांधला गेला. पलीकडे जायला आज तिकीट पुरते.