पत्र्याला पत्रा

आमच्या तालुक्यात गाडी म्हणजे आधी एसटी, मग ट्रक, मग जीप. स्वतःची चारचाकी डॉक्टरांकडे, एखाद्या कंत्राटदाराकडे, नाहीतर आंब्याच्या बागाईतदाराकडे. ती फियाट असे किंवा अॅम्बेसेडर. फियाट कुर्ल्याच्या कारखान्यात तयार व्हायची, तरी नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहावी लागे. ती कोकणात पोचायची तोवर मुंबईत तीन-चार मालकांच्या हाताखालून गेलेली असे.

14 डिसेंबर 1983 ला दिल्लीत पहिल्या मारुती 800 ची किल्ली इंदिरा गांधींच्या हस्ते दिली गेली. तीन सिलिंडरांचं 796 सीसीचं इंजिन आणि वजन जेमतेम साडेसहाशे किलो. गावाकडचे जुने ड्रायव्हर हसले. चौघांनी धरून उचलली तर उचलेल, ही काय गाडी, म्हणाले. पण पुढच्या दहा-पंधरा वर्षांत चाकरमान्यांनी मुंबईत वापरलेल्या, परवडेल त्या किमतीच्या जुन्या मारुत्या गावाला यायला लागल्या आणि मास्तर, पोस्टमन, सोसायटीचा सेक्रेटरी अशा माणसांच्या दारात प्रथमच गाडी उभी राहिली. आमच्या तालुक्याच्या इतिहासात रस्ता, वीज, कोकण रेल्वे यांच्याबद्दल लोक बोलतात. या जुन्या मारुतीबद्दल कुणी लिहिलेलं मला दिसलं नाही.

आमच्याकडे आली ती 1991 ची. काकांनी मुंबईत सात वर्षं वापरली आणि 1998 च्या मे महिन्यात माझ्या वडिलांकडे दिली. वाडीत चारचाकी तेवढी एकच. त्यामुळे ती आमची कमी आणि वाडीची जास्त. बाळंतपणाला निघालेली बाई, विंचू चावलेला पोर, रात्री छातीत कळ आलेला म्हातारा, सगळे तिच्यातूनच तालुक्याच्या दवाखान्यात जायचे. वडील अंथरुणातून उठून सदरा घालत घालत किल्ली शोधायचे. पेट्रोलचे पैसे कुणी दिले तर दिले. बाजाराच्या दिवशी मागच्या सीटखाली मासळीची टोपली, पायाशी ओले नारळ, आणि पावसात प्रत्येकाच्या चपलेबरोबर आत येणारा तांबडा चिखल.

गाडीचा तळ त्यानेच खाल्ला. लोकांना वाटतं, गंज खालून लागतो, रस्त्यावरचं पाणी उडतं म्हणून. खालूनही लागतो, पण आमच्या भागात आतून लागतो तो जास्त वाईट. काचेच्या रबरातून पाणी झिरपतं, ओल्या पायांचं पाणी मॅटमध्ये मुरतं. वरून हौसेने टाकलेला काथ्या असतो, तो तर चार महिने सुकत नाही. त्यात मासळीचं खारं पाणी. पावसाळा इथे तीन हजार मिलिमीटरच्या वर, आणि पाऊस नसेल तेव्हा समुद्रावरचा खारा वारा. पाणी, हवा आणि मीठ एकत्र आले की पत्र्याला वेगळा शत्रू लागत नाही.

2005 चा पाऊस सरल्यावर वडिलांनी धुवायला मॅट उचलली, तर ड्रायव्हरच्या टाचेखाली हात जाईल एवढं भोक आणि त्यातून अंगणातलं शेण दिसत होतं. शेजारचा म्हणाला, "बरं झालं, पाणी जायला वाट झाली." पण हसण्यावारी नेण्यासारखं ते नव्हतं. ट्रकला, जुन्या जीपला खाली लोखंडी चासी असते. तिचा तळ सडला तर फळी टाकून चालवतात, आमच्याकडे चालवायचेच. मारुतीला तशी चासी नाही. तळ, दोन्ही दारांखालच्या पोकळ पट्ट्या, खांब आणि छप्पर मिळूनच तिचा सांगाडा. तळ गेला की कणा गेला. वर सीटचे आणि पट्ट्याचे बोल्ट त्याच पत्र्यात. आणि 2006 साली गाडीला पंधरा वर्षं होणार होती. आरटीओत पुन्हा पासिंग करून घ्यायचं, म्हणजे गाडी दाखवायची. ती तिथे नापास झाली तर वाडी रात्री-अपरात्री कुणाच्या दारात जाणार, हा खरा प्रश्न होता.

स्वस्तातले उपाय सुचवणारे पुष्कळ. बंदरावर फायबरच्या होड्या दुरुस्त करणारी पोरं होती. उरलेलं रेझिन आणि काचेचं कापड घेऊन ती गाड्यांचे तळ तासाभरात बुजवून देत. दिसायला गुळगुळीत. पण गंज आत तसाच राहतो आणि झाकणाखाली ओल धरून दुप्पट वेगाने पसरतो. फायबर भोक झाकतं, भार घेत नाही. दुसरे डांबर फासून गाडी विकून टाकणारे. जुनी गाडी घ्यायला जाणाऱ्याने खालून ताजं काळं डांबर चमकताना दिसलं, की तिथेच वाकून स्क्रूड्रायव्हर टोचून पाहावा, असं माझं मत आहे.

वडिलांनी गाडी बसस्टँडमागच्या चाचांकडे नेली. चाचा मूळचे होड्यांच्या इंजिनांचं काम करणारे, गॅस वेल्डिंगवाले. शेडच्या कोपऱ्यात कार्बाइडचा डबा. त्यात पाणी सोडलं की गॅस तयार व्हायचा आणि मागे पांढरा, उग्र वासाचा चुना उरायचा. तो आजूबाजूचे लोक माडांच्या बुंध्यांना लावायला घेऊन जात.

सीटा, मॅट, गालिचा सगळं बाहेर काढलं. तळाला कारखान्यातून चिकटवलेले डांबरी पत्रे असतात, आवाज कमी व्हावा म्हणून. ते छिन्नीने खरवडले, कारण ज्योत लागली की तेच आधी पेटतात. पेट्रोलची टाकी उतरवली. पेट्रोलची आणि ब्रेकची नळी तळाखालूनच जाते, ती सोडवून बाजूला बांधली. पाण्याची बादली आणि भिजवलेलं पोतं हाताशी. मग चाचा छोटी हातोडी घेऊन आत बसले आणि वैद्य पोट वाजवून पाहतो तसं तळ वाजवत गेले. चांगला पत्रा टण्ण बोलतो, कुजलेला बद्द. खडूने रेघ मारली ती भोकाच्या कितीतरी बाहेरून. वडील म्हणाले, "एवढा कापणार?" चाचा म्हणाले, "गुरुजी, किडका दात अर्धा काढतात काय?"

कापायच्या आधी त्यांनी चारही दारं उघडून-लावून पाहिली, दाराच्या फटी बोटाने मोजल्या. गाडी मधोमध जॅकवर न घेता चाकांजवळ घोड्या लावल्या. दोन्ही बाजू एकदम उघडल्या तर सांगाडा मध्ये बसतो आणि मग दार कधीच नीट लागत नाही. म्हणून आधी डावी बाजू पुरी, मग उजवी.

पत्रा कुठला घ्यायचा, यावर अर्धा दिवस गेला. वडिलांनी गोठ्यावरचा जुना, चांगला दिसणारा जस्ती पत्रा नेला होता. चाचांनी तो बाहेर टाकला. जस्ताला ज्योत लागली की पांढरा धूर निघतो आणि तो नाकात गेला की रात्री हुडहुडी भरून ताप येतो. शेवटी तेलाच्या बॅरलचा पत्रा ठरला. गाडीच्या पत्र्यापेक्षा थोडा जाड, म्हणून जोडताना ज्योत त्याच्याकडे जास्त धरायची. बॅरल ज्योतीने कापायचं नाही, आतली वाफ पेटून माणसं गेलेली आहेत. धुऊन, छिन्नी-कात्रीनेच कापलं. मूळ तळाला जशा उंचवट्याच्या रेघा असतात तशा चाचांनी रुळाच्या तुकड्यावर ठोकून काढल्या. त्या शोभेच्या नसतात, त्यांच्यामुळेच पातळ पत्रा ताठ राहतो.

टाके मारतानाही एका टोकाकडून सरळ जाणं नाही. एक टाका इथे, दुसरा समोर, मग निवू द्यायचं. सलग ओढलं तर पत्रा तापून पापडासारखा फुगतो. जिथे दोन पत्रे एकमेकांवर येतात तिथे आधी रेड ऑक्साइड, जोड झाल्यावर वरून लांबी, पुन्हा रंग, खालून शेवटी डांबर. काम आठ दिवस चाललं. त्या आठ दिवसांत वाडीतल्या एका सुनेला कळा सुरू झाल्या आणि तिला टेंपोत, भाताच्या पोत्यांवर झोपवून न्यावं लागलं. बाळ-बाळंतीण सुखरूप, पण वडील ते दिवस चाचांच्या शेडमध्येच उभे असायचे, घाई करत. चाचांनी घाई केली नाही.

गाडी 2006 ला पास झाली, पुढे 2011 ला आणि 2016 लाही. मारुती 800 चं उत्पादन 2014 च्या जानेवारीत थांबलं. 2022 च्या एप्रिलपासून पंधरा वर्षांवरच्या गाडीची नोंदणी पुन्हा करायची फी 600 रुपयांवरून 5,000 झाली. चाचांनी त्या आठ दिवसांच्या कामाचे याच्या निम्म्यानेही घेतले नव्हते. तोवर वाडीत पाच गाड्या झाल्या होत्या, 108 ला फोन केला की रुग्णवाहिका येत होती, आणि रात्री आमच्या दाराची कडी कुणी वाजवेनासं झालं होतं. वडिलांना ते बरं वाटलं की नाही, सांगता येत नाही. कडी वाजल्यासारखं वाटून ते उठायचे मात्र.

चाचांनी गाडी परत देताना एक सांगितलं होतं. तळाला रबराची बुचं असतात. मृगाच्या आधी मॅट काढून ती उपसायची, पाण्याची वाट मोकळी करायची, आणि नवरात्रात तळ उन्हात वाळवून पुन्हा बसवायची. वडिलांनी ते कॅलेंडरवर लिहून ठेवलं. दरवर्षी जुनं कॅलेंडर काढलं की नव्यावर पहिलं तेच उतरवायचे, "बुचं", एवढाच शब्द, जूनच्या सात तारखेला.