राखीव हिस्सा आणि मोकळा हिस्सा : पेडणे, डिचोली आणि मृत्युपत्रातून होणारे विद्यादान

पेडणे, डिचोली आणि सत्तरी हे महाल 1781 ते 1788 या काळात सावंतवाडीकर भोसल्यांकडून पोर्तुगीजांकडे गेले आणि तिसवाडी, बार्देश व साष्टी या ‘जुन्या काबिजादीं’हून वेगळे म्हणून ‘नव्या काबिजादी’त मोजले जाऊ लागले. येथील हिंदू रयतेचे रीतिरिवाज राज्यकर्त्यांनी बऱ्याच अंशी चालू ठेवल्यामुळे दानाची जुनी वहिवाटही टिकून राहिली. देवस्थानाला जमीन लावून देणे किंवा नंदादीपाच्या तेलासाठी उत्पन्न तोडून देणे, ही या दानाची परिचित रूपे होती; मात्र असे दान सामान्यतः दात्याच्या हयातीतच संकल्पपूर्वक होत असे, कारण मृत्यूनंतर अमलात येणाऱ्या लेखाची, म्हणजे मृत्युपत्राची, स्वतंत्र व्यवस्था धर्मशास्त्राने घालून दिलेली नव्हती.

ही व्यवस्था येथे पोर्तुगीज कायद्याबरोबर रुजली. 1867 ची पोर्तुगीज नागरी संहिता 1 जुलै 1870 पासून गोव्यात लागू झाली आणि 16 डिसेंबर 1880 च्या हुकुमाने गोमंतकीय हिंदूंचे काही रिवाज तिच्या जोडीला मान्य करण्यात आले. या संहितेचा गाभा ‘लेजितिमा’ या तत्त्वात आहे. लेजितिमा म्हणजे मुले-नातवंडांसाठी, आणि ती नसल्यास आईवडील व अन्य पूर्वजांसाठी, कायद्याने राखून ठेवलेला हिस्सा. मृत्युपत्र करणाऱ्याला त्यातून कोणालाही काही देता येत नाही. मुळात दोन तृतीयांश असलेला हा राखीव हिस्सा, पोर्तुगालात प्रजासत्ताक आल्यावर 1910 मध्ये अर्ध्यावर आणला गेला, आणि उरलेला अर्धा स्वेच्छेने देण्यास मोकळा झाला. गोवा विधानसभेने 2012 मध्ये संमत केलेल्या आणि डिसेंबर 2016 मध्ये अमलात आलेल्या उत्तराधिकार कायद्यानेही हीच चौकट कायम ठेवली आहे.

व्यवहारात याचा अर्थ बारकाईने पाहण्यासारखा आहे. वेगळा करार केलेला नसेल, तर विवाहानंतर पती-पत्नीची मालमत्ता सामाईक होते आणि प्रत्येकाचा त्यात अर्धा वाटा असतो. अशा जोडप्याची मालमत्ता एक कोटी रुपयांची असेल, तर एकाच्या वाट्याला 50 लाख येतात आणि मुले असल्यास त्यांतील 25 लाखांपुरतेच मृत्युपत्र त्याला इच्छेप्रमाणे करता येते. तेरेखोल नदीपलीकडे, सिंधुदुर्गात, हिंदू माणूस आपली सगळी स्वकष्टार्जित मालमत्ता एखाद्या संस्थेला लिहून देऊ शकतो; नदीअलीकडच्या, मुले किंवा आईवडील असलेल्या पेडणेकराला तशी मुभा नाही. परंतु त्यामुळेच पेडण्यात महाविद्यालयाला दिलेल्या देणगीवर मुलांना वंचित केल्याचा आरोप टिकत नाही, कारण मुलांचा हिस्सा कायद्याने आधीच बाजूला काढलेला असतो.

देणगी घेणारे महाविद्यालय मात्र गोव्यात फार उशिरा आले. पणजीत 1842 पासून वैद्यकीय शाळा आणि 1854 पासून लिसेंव, म्हणजे पोर्तुगीज माध्यमिक विद्यालय, होते. परंतु कला, विज्ञान किंवा वाणिज्य शाखेच्या पदवीसाठी पोर्तुगीज राजवटीतून मुक्ती होईपर्यंत बेळगाव, पुणे किंवा मुंबई गाठावी लागे. 1962 मध्ये पणजीत धेंपे आणि मडगावात चौगुले महाविद्यालय निघाले, आणि दोन्हींमागे खाण-व्यवसायातील घराणी उभी राहिली. डिचोली तालुका हा तर लोहखनिजाचाच मुलूख. पुढे याच तालुक्यात साखळीला, आणि पेडण्यात विर्नोड्याला संत सोहिरोबानाथ आंबिये यांच्या नावाने, शासकीय महाविद्यालये आली. धेंपे आणि चौगुले घराण्यांनी दिलेले हे दान हयातीतले दान होते.

मृत्युपत्रातून महाविद्यालय कसे उभे राहते, याचे मराठी मुलखातील ठळक उदाहरण नागपूरचे आहे. कामठीचे खाणमालक रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांनी 1930 मध्ये मृत्युपत्राने सुमारे 35 लाख रुपयांची मालमत्ता नागपूर विद्यापीठाला उपयोजित विज्ञान आणि रसायनशास्त्राच्या शिक्षणासाठी दिली, आणि 1942 मध्ये लक्ष्मीनारायण तंत्रशास्त्र संस्था सुरू झाली. दाता, रक्कम आणि हेतू या तिन्ही गोष्टी स्पष्ट असल्यामुळे बारा वर्षे उलटली तरी ती इच्छा त्याच हेतूने अमलात आली.

गोव्यात सार्वजनिक मृत्युपत्र नोटरीसमोर, साक्षीदारांच्या उपस्थितीत, त्याच्या नोंदवहीत लिहिले जाते, म्हणून ते गहाळ होण्याची भीती कमी राहते. त्यात संस्थेचे पूर्ण नाव, देणगी शिष्यवृत्तीसाठी की ग्रंथालयासाठी याचा उल्लेख, आणि संस्था बंद पडल्यास पैसा कोठे जावा याची सोय, एवढे असले पाहिजे. देवाच्या दिव्याला तेल लावून देणाऱ्या या प्रदेशाला दान शिकवण्याची गरज नाही. कायद्याने मोकळ्या ठेवलेल्या हिश्श्यातून थोडे गावच्या महाविद्यालयाकडे वळवण्याचा विचार मात्र पेडणे-डिचोलीतील प्रत्येक सुखवस्तू घराने मृत्युपत्र करताना अवश्य करावा.