वळिवडे ते वॉर्सा : आसऱ्याची गोष्ट

इरेना सेंडलर या पोलिश बाईंच्या जीवनावर २००९ साली अमेरिकन दूरदर्शनसाठी एक चित्रपट तयार झाला. अॅना पॅक्विन या अभिनेत्रीने त्यात इरेनाबाईंची भूमिका केली आहे. आम्ही तो घरातल्या सर्वांसोबत पाहिला. वॉर्सा शहरात जर्मनांनी ज्यूंना भिंतीआड कोंडले होते. इरेनाबाई समाजकल्याण खात्यात कामाला होत्या. साथीच्या रोगांच्या तपासणीचा परवाना दाखवून त्या आत जात आणि लहान मुलांना बाहेर काढत. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मिळून सुमारे २५०० मुले वाचवली असे मानले जाते. ज्यूला आसरा देणाऱ्याला त्या वेळी पोलंडमध्ये देहदंड होता. ऑक्टोबर १९४३ मध्ये बाई पकडल्या गेल्या, त्यांचा छळ झाला, मृत्यूची शिक्षाही झाली. सहकाऱ्यांनी लाच चारली म्हणून त्या वाचल्या.

चित्रपट संपला तेव्हा घरातल्या लहानग्याने विचारले, "आपल्याकडे असं कुणी केलं होतं का?" हा लेख त्या प्रश्नासाठी आहे.

आमच्या आष्ट्याहून कोल्हापूर फार लांब नाही. कोल्हापूरच्या अलीकडे, मिरजेच्या रेल्वेमार्गावर वळिवडे हे गाव आहे. १९४३ ते १९४८ या काळात तेथे पोलिश निर्वासितांची मोठी वसाहत होती. सुमारे पाच हजार माणसे, त्यांत बहुतेक बायका आणि मुले. १९४० - ४१ मध्ये रशियाने या लोकांना पूर्व पोलंडमधून उचलून सैबेरिया आणि कझाकस्तानात नेऊन टाकले होते. जुलै १९४१ च्या करारानंतर त्यांची सुटका झाली आणि १९४२ साली ते इराणात पोहोचले. तेथून काही हिंदुस्थानात आले. जामनगरच्या जामसाहेबांनी बालाचडी येथे पोलिश मुलांना आसरा दिला, आणि कोल्हापूर संस्थानात वळिवड्याची छावणी उभी राहिली. बराकी, शाळा, दवाखाना, चर्च असे एक छोटे पोलंडच पंचगंगेच्या खोऱ्यात वसले.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. वळिवड्याचे लोक बहुतांशी कॅथलिक ख्रिस्ती होते. ज्यू मुलांच्या कथेत त्यांना ओढूनताणून बसवणे खोटेपणाचे होईल. शिवाय ती छावणी सरकारी व्यवस्थेतून झाली होती. दार उघडले म्हणून कुणाच्या मानेवर तलवार नव्हती. इरेनाबाईंचे धाडस आणि वळिवड्याची माणुसकी एकाच तराजूत घालता येणार नाहीत.

इराणातून निघालेल्या ज्यू मुलांचीही एक वाट हिंदुस्थानच्या किनाऱ्यावरून गेली. इतिहासात त्यांना 'तेहरानची मुले' म्हणतात. बहुतेक पोरकी. इराकने आपल्या भूमीतून जाऊ दिले नाही, म्हणून १९४३ च्या जानेवारीत त्यांना समुद्रमार्गे कराचीला आणले गेले, आणि तेथून सुएझमार्गे फेब्रुवारीत ती पॅलेस्टाईनला पोहोचली. एका मुस्लिम देशाने या पोरांना वाट दिली नाही, हे आपण लपवू नये.

पण तेवढेच सांगून थांबणेही न्याय्य नाही. अल्बानियात रेफिक वेसेली हा मुस्लिम तरुण एका छायाचित्रकाराच्या दुकानात काम शिकत होता. तेथे त्याची मांदिल या ज्यू कुटुंबाशी ओळख झाली. त्याने त्यांना आपल्या आईवडिलांच्या घरी क्रूया गावी नेले. मोठी माणसे लपून राहिली, पण दोन्ही मुले घरच्या मुलांत मुस्लिम पोरे म्हणून उघडपणे वावरली. गावाने तोंड मिटले. युद्ध संपल्यावर अल्बानियात ज्यूंची संख्या आधीपेक्षा जास्त होती. सारायेवोत ग्रंथपाल दरविश कोरकुत यांनी १९४२ साली मीरा पापो या ज्यू मुलीला अमीरा हे मुस्लिम नाव देऊन घरात ठेवले. ज्यूंचा एक अमोल प्राचीन हस्तलिखित ग्रंथही त्यांनी जर्मन सेनापतीच्या हाती लागू दिला नाही. त्याच बोस्नियात १९४३ साली जर्मनांनी मुस्लिम तरुणांची पलटण उभी केली, आणि जेरुसलेमचे मुफ्ती अमीन अल हुसैनी यांनी तिच्या भरतीला हातभार लावला. धर्म एकच, देशही एकच. कोरकुत यांनी दार उघडले, दुसऱ्यांनी बंदूक उचलली. कोणत्या बाजूला उभे राहायचे हे ज्याला त्याला स्वतःच ठरवावे लागते.

आपल्या इतिहासाची तर सुरुवातच आश्रितांपासून होते. मक्केत छळ झाला तेव्हा पहिले मुसलमान समुद्र ओलांडून हबशाला गेले. तेथल्या ख्रिस्ती बादशहाने, नजाशीने, त्यांना आसरा दिला. कुरैशांचे वकील त्यांना परत मागायला आले, पण त्याने ते सोपवले नाहीत. धर्म बदला अशी अटही त्याने घातली नाही.

आमच्या मते खरी कसोटी येथे आहे. इरेनाबाईंनी प्रत्येक मुलाचे खरे नाव आणि नवे नाव पातळ कागदावर लिहून, काचेच्या बरण्यांत घालून, मैत्रिणीच्या बागेत सफरचंदाच्या झाडाखाली पुरले. ही मुले ख्रिस्ती प्रार्थना शिकून जगत होती. युद्धानंतर त्यांना आपली माणसे, आपली ओळख परत मिळावी यासाठी ती यादी होती. बहुतेकांचे आईबाप उरले नव्हते, तरी नाव उरले. आपण याला अमानत म्हणतो. जीव वाचवायचा आणि बदल्यात त्याचे नाव, त्याचा धर्म ठेवून घ्यायचा, ही मदत नसून सावकारी आहे.

आमच्या वाळवा तालुक्याला लपवणे म्हणजे काय हे ठाऊक आहे. वळिवड्यात पोलिश मुले शाळेत जात होती, त्याच वर्षांत येथे क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारचे भूमिगत कार्यकर्ते घराघरांत, मळ्यांत आसरा घेत होते. पोलीस दारात आले तरी भाकरी देणाऱ्या बायकांनी तोंड उघडले नाही. त्यांची नावे कुठल्या बरणीत नाहीत.

१९४८ साली पोलिश लोक गेले. रिकाम्या बराकींत फाळणीने उखडलेले सिंधी निर्वासित आले. तेच आजचे गांधीनगर, कापडाची मोठी बाजारपेठ. आमच्या घरातील लग्नांचे कापडही तेथूनच येते. हे सिंधी ज्या देशातून आले तो आपल्या धर्माच्या नावाने निर्माण झाला होता. आणि त्याच दिवसांत इकडून तिकडे मुसलमानही उखडले गेले. त्या बराकींच्या भिंतींनी दोन्ही वेळा कुणाला धर्म विचारला नाही.

कोरकुत यांची गोष्ट पुढेही चालू राहिली. १९९९ साली कोसोव्होच्या युद्धात त्यांची मुलगी निर्वासित झाली. जवळ आईवडिलांना ज्यूंकडून मिळालेले सन्मानपत्र होते. ज्यूंनी तिला आसरा दिला, आणि विमानतळावर तिच्या स्वागताला मीरा पापोचा मुलगा उभा होता.

म्हणून घरातल्या लहानग्याला आम्ही सांगितले : होय बाळा, केले होते. काहींनी केले, काहींनी नाही. उद्या आपले दार वाजले तर काय करायचे, एवढेच आपल्या हाती आहे.